दानाला घामाची जोड

पवित्र रमजानचा महिना लागला की बुलडाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा गावांत मदरसे, वसतिगृहे आणि सेवाभावी संस्थांची पावतीपुस्तके बाहेर निघतात. देणारे मनापासून देतात. ईद होते आणि उरलेले अकरा महिने अनेक संस्थाचालक पुढच्या रमजानची वाट पाहत काढतात. केवळ दानावर संस्था किती दिवस चालणार? हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्यासमोर उभा होता.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. कोल्हापुरात शिकत असताना राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. पोटासाठी त्यांनी शिकवण्या घेतल्या, ओगले काच कारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांच्या नांगरांसाठी गावोगाव फिरले. या फिरतीत त्यांनी शेतकऱ्याचे दारिद्र्य जवळून पाहिले आणि पैसा कसा उभा राहतो, हेही ते शिकले.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, जैन, मुस्लिम अशी सर्व समाजांची मुले तिथे एका पंक्तीत जेवू लागली. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

नाव मोठे झाले, पण कोठीत धान्य नसे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांच्या आई झाल्या होत्या. मुलांच्या जेवणासाठी त्यांनी एकेक दागिना मोडला आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. यापेक्षा मोठे दान कोणते असेल? पण मंगळसूत्र एकदाच मोडता येते. मुलांना भूक मात्र दुसऱ्या दिवशीही लागते. 1930 मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. संसारातले देण्यासारखे सारे देऊन झाले होते.

भाऊरावांनी लोकवर्गणी थांबवली नाही, पण तिच्या जोडीला श्रम उभे केले. मुले स्वतः स्वयंपाक करत, माळरान फोडून शेती करत, बांधकामावर दगडमाती वाहत. पिकलेले धान्य वसतिगृहाच्या कोठीत येई. ‘कमवा आणि शिका’ या नावाने ही पद्धत पुढे महाराष्ट्रभर गेली. 1940 मध्ये सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलचा पाया हीच योजना होती. यात संस्थेचा खर्च कमी झाला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मदत घेणारा मुलगा मान खाली घालून जेवत नव्हता. त्याच्या ताटातल्या भाकरीत त्याचा स्वतःचा घाम होता. पुढे लक्ष्मीबाईंच्याच नावाने शिक्षणोत्तेजक सहकारी पतपेढी उभी राहिली. दिलेले कर्ज परत येते आणि तोच पैसा पुढच्याच्या उपयोगी पडतो.

या विचाराची कसोटी स्वातंत्र्यानंतर लागली. भाऊरावांनी सरकारवर टीका केली आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. सरकारी पैशावरच उभी असलेली संस्था अशा वेळी कोलमडली असती. रयतेने वर्गणी काढली, शाळा चालू राहिल्या. आपल्या वऱ्हाडचे संत गाडगेबाबा भाऊरावांच्या बाजूने उभे राहिले आणि पुढे अनुदान पुन्हा मिळाले. 1954 मध्ये कराडला काढलेल्या महाविद्यालयाला भाऊरावांनी गाडगेबाबांचेच नाव दिले. 1959 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी 9 मे रोजी ते गेले.

आज अशा कामाला सामाजिक उद्योग म्हणतात. नफा कोणाच्या घरी जात नाही. तो संस्थेच्या कामात परत येतो. आपल्या जिल्ह्यातील संस्थांना हे अवघड नाही. शिवणवर्गातल्या मुलींनी शाळांचे गणवेश शिवून द्यावेत, वसतिगृहाच्या पडीक जागेत भाजीपाला पिकवावा, बचत गटाने गिरणी किंवा मसाल्याचे काम घ्यावे. मात्र व्यवहाराचा हिशेब दानाच्या हिशेबात मिसळू नये. जकातीचे हक्कदार ठरलेले आहेत; ती रक्कम त्यांच्यापर्यंतच पोहोचली पाहिजे. ती धंद्याचे भांडवल नव्हे. पण विजेचे बिल, इमारतीची डागडुजी, शिक्षकांचा पगार संस्थेच्या कमाईतून निघू लागला, तर जकातीवरचा भार हलका होईल आणि विधवा, अनाथ, कर्जबाजारी यांचा वाटा त्यांना पुरता मिळेल. या ईदनंतर प्रत्येक संस्थेने पावतीपुस्तकाशेजारी विक्रीची एक वही उघडावी. पहिल्या वर्षी तिच्यात थोडीच रक्कम दिसेल, पण ती संस्थेच्या हक्काची असेल.