धारच्या किल्ल्यातलं मूल

आम्ही धारची मराठी मंडळी. बाजारहाट असो, कचेरी असो की गणपतीची मिरवणूक, किल्ला नजरेआड होत नाही. पाहुणे आले की आम्ही त्यांना वर नेतो, खरबुजा महाल दाखवतो आणि दुसरा बाजीराव इथलाच, असं सांगतो. सांगताना मात्र आवाज थोडा खाली येतो, कारण पाहुणे लगेच हसून विचारतात, म्हणजे तो पळपुटा ना? या वर्षी स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं, तेव्हा वाटलं की या माणसाचं बालपण एकदा नीट पाहावं.

कथा सुरू होते ती गणेशोत्सवातच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, उत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ठपका आला तो चुलते रघुनाथराव आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्यावर. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवलं. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, ही कथा घरोघरी पोहोचली. ती खरी की रचलेली, हा वाद आजही मिटलेला नाही. नारायणरावांच्या मागे १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि बारभाईंनी त्यांच्या नावाने कारभार हाती घेतला.

रघुनाथरावांना पळ काढावा लागला. आनंदीबाई गरोदर होत्या. त्यांना धारला पवारांच्या आश्रयास ठेवण्यात आलं. जानेवारी १७७५ मध्ये किल्ल्यात मुलगा झाला. आजोबांचं, थोरल्या बाजीरावांचं नाव त्याला मिळालं. त्या नावाचं ओझंही तेव्हापासूनच. बाहेर वेढा पडला, आणि अखेर तान्ह्या मुलासह आनंदीबाई पुणे दरबाराच्या ताब्यात गेल्या. वडील तोवर सुरतेस इंग्रजांच्या आसऱ्याला होते.

१७८२ च्या सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव कोपरगावास येऊन राहिले आणि पुढल्याच वर्षी, डिसेंबर १७८३ मध्ये वारले. मुलाला नऊ वर्षंही पुरी झाली नव्हती. धाकटा भाऊ चिमाजी अप्पा तर वडिलांच्या पश्चात जन्मला. पुढे कुटुंब नाशिकजवळ आनंदवल्लीस राहिलं, पण नजरकैदेत. खाण्यापिण्याची ददात नव्हती, शास्त्राध्ययन होत होतं. पण येणारा माणूस भेटायला आला की पाळत ठेवायला, हे कळायला मार्ग नव्हता. १७९४ मध्ये आई गेली आणि भावंडांना शिवनेरीवर नेण्यात आलं. वय एकोणीस, आणि गुन्हा एकच: कुणाच्या पोटी जन्मलो हा.

तिकडे शनिवारवाड्यात सवाई माधवराव वाढत होते. नात्याने बाजीराव त्यांचा चुलता, वयाने नऊ महिन्यांनी धाकटा. एक गादीवर, दुसरा गडावर. पण पहारा दोघांवरही. दोघांत चोरून पत्रव्यवहार सुरू झाला तो नाना फडणवीसांनी पकडला आणि बंद पाडला. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी एकवीस वर्षांचे सवाई माधवराव वाड्याच्या सज्जावरून खाली पडले आणि दोन दिवसांनी गेले. उडी की अपघात, हे कुणी निश्चित सांगू शकलं नाही.

डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवा झाला. गोड बोलणारा, देवभोळा, पण विश्वास कुणावरच नाही. १८०१ मध्ये त्याने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं. पुढल्या वर्षी यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आले, तसा तो पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला इंग्रजांशी तह करून बसला. वडिलांनी धरलेलीच वाट. जून १८१८ मध्ये तो माल्कमला शरण गेला आणि सालाना आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास राहिला. १८५१ मध्ये तिथेच वारला.

आम्ही डॉक्टर नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजाराचं नाव चिकटवण्याचा आम्हाला अधिकार नाही. बालपण वाईट गेलं म्हणून विठोजींचं रक्तही धुऊन निघत नाही. शाहू महाराजही सातव्या वर्षापासून अठरा वर्षं मोगलांच्या छावणीत कैद होते, तरी माणसं जोडणारे निघाले. पण ते ज्या बापाचे पुत्र होते, त्याच्या नावाने लोकांचा ऊर भरून येत असे. बाजीरावाला बापाच्या नावाने खाली मान घालावी लागे. आज मानसशास्त्र सांगतं की लहानपणी सतत धास्तीत आणि संशयात वाढलेलं मूल पुढे जगालाच शत्रू समजू लागण्याची शक्यता वाढते, सगळ्यांचंच तसं होतं असं नाही. पळणं हा त्याचा स्वभाव नसतो, सवय होऊन बसते.

हे सगळं आठवायला एक कारण आहे. आमच्या लहानपणी उत्सवात मुलांची नाटुकली होत. बरोबरचा एक मुलगा अडखळत बोलायचा. त्याला बाजीरावाचं काम दिलं, कारण बोलायचं थोडं, पळायचं जास्त. टाळ्या पडल्या. दहा दिवसांचा उत्सव संपला, पण आम्ही मुलं त्याला वर्षानुवर्षं पळपुट्या म्हणत राहिलो. त्याने रंगमंचच काय, पंगतीत यायचंही सोडलं. अडखळणं हा दोष आळसाचा किंवा भित्रेपणाचा नसतो, वाचा-उपचारांनी त्यात सुधारणा होते आणि चिडवण्याने तो वाढतो, हे तेव्हा घरातल्या मोठ्यांनाही ठाऊक नव्हतं.

आता ठाऊक आहे. मूल अचानक अबोल झालं, शाळेचं नाव काढताच पोट दुखू लागलं, मोठेपणी पुन्हा अंथरूण ओलं होऊ लागलं, रात्री दचकून उठू लागलं आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं, तर नजर काढून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं. लोक काय म्हणतील हा प्रश्न मुलाच्या पुढे ठेवू नये.

यंदाही मुलांची नाटुकली होतीलच. कुणाला कोणतं काम द्यायचं ते वडीलधाऱ्यांनी जरा विचाराने ठरवावं. आणि किल्ला दाखवताना पाहुण्यांना हेही सांगावं की इथे एक मूल जन्मलं होतं, आणि तेव्हा त्याने काहीच केलेलं नव्हतं.