गर्टी कोरी कोण होत्या? फॉस्फेटची जागा बदलते कशी, हे शोधणाऱ्या पहिल्या नोबेल डॉक्टर

खाल्लेल्या साखरेचं शरीरात पुढे काय होतं? या प्रश्नामागे डॉ. गर्टी कोरी यांनी आयुष्य घालवलं. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या महिला. मात्र विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिलं, ते थेट नोबेलच्या वर्षी.

प्राग ते अमेरिका

गर्टी यांचा जन्म १५ ऑगस्ट १८९६ रोजी प्रागमधल्या ज्यू कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण घेताना वर्गमित्र कार्ल कोरी यांच्याशी ओळख झाली. १९२० मध्ये दोघे डॉक्टर झाले, त्याच वर्षी लग्नही झालं. १९२२ मध्ये ते अमेरिकेतल्या बफेलो शहरात आले. पतीसोबत संशोधन करू नये, असा दबाव तिथे गर्टींवर आला. त्यांनी तो मानला नाही.

१९२९ मध्ये दोघांनी 'कोरी चक्र' मांडलं. व्यायाम करताना स्नायूंत तयार होणारं लॅक्टिक आम्ल यकृतात जातं आणि तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं, हे त्यातून समजलं.

१९३१ मध्ये दोघे सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. कार्ल विभागप्रमुख झाले. गर्टींना मिळालं संशोधन सहायकाचं पद आणि पतीच्या जेमतेम एक दशांश पगार. प्रयोगशाळेतलं काम मात्र दोघांचं बरोबरीचं होतं.

नेमका शोध काय?

शरीर जास्तीची साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं. ते फोडलं की आधी ग्लुकोज-१-फॉस्फेट तयार होतं, म्हणजे ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनला फॉस्फेट जोडलेलं असतं. हा पदार्थ कोरी दाम्पत्याने १९३६ मध्ये शोधला.

पण ऊर्जा मिळवायची तर फॉस्फेट सहाव्या कार्बनवर हवं. हे काम फॉस्फोग्लुकोम्युटेज नावाचं एन्झाइम करतं, हेही त्यांच्याच प्रयोगशाळेने दाखवलं. एन्झाइमवर आधीपासून एक फॉस्फेट असतं. ते सहाव्या कार्बनला दिलं जातं आणि पहिल्या कार्बनवरचं फॉस्फेट एन्झाइम स्वतःकडे घेतं. एन्झाइम पुन्हा पहिल्यासारखं, पुढच्या रेणूसाठी तयार!

जिवाणूंमध्येही हेच?

हो, पद्धत तीच. दूध आंबवणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूत अशाच कामाचं एक वेगळं एन्झाइम आहे. आपल्या स्नायूंतल्या एन्झाइममध्ये फॉस्फेट धरून ठेवतं ते सेरीन हे अमिनो आम्ल, तर या जिवाणूत ॲस्पार्टेट.

नोबेल आणि आजार एकाच वर्षी

१९४७ मध्ये गर्टी, कार्ल आणि अर्जेंटिनाचे बर्नार्डो हुसे यांना नोबेल जाहीर झालं. त्याच वर्षी गर्टींना अस्थिमज्जेचा गंभीर आजार असल्याचं निदान झालं. वारंवार रक्त द्यावं लागे. तरीही त्या दहा वर्षं काम करत राहिल्या. ग्लायकोजेन साठण्याचे काही आनुवंशिक आजार एखादं एन्झाइम नसल्याने होतात, हे त्यांनी याच काळात दाखवलं. त्यातल्या एकाला आज 'कोरी आजार' म्हणतात. २६ ऑक्टोबर १९५७ रोजी त्यांचं निधन झालं.

२००८ मध्ये अमेरिकेने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. त्यावर ग्लुकोज-१-फॉस्फेटची आकृती होती. दुर्दैवाने नेमकी तीच चुकीची छापली गेली. एक बंध इकडचा तिकडे झाला तर काय बिघडतं, हे जिने जगाला शिकवलं, तिच्याच तिकिटावर!