थिबा राजे

थिबा (जन्म : १ जानेवारी १८५९, मंडाले, मृत्यू : डिसेंबर १९१६, रत्नागिरी) हे ब्रह्मदेशाच्या कोनबाँग राजघराण्याचे अखेरचे राजे होते. त्यांनी १८७८ ते १८८५ या काळात राज्य केले. ब्रिटिशांनी पदच्युत केल्यानंतर आयुष्याची उरलेली सुमारे ३० वर्षे त्यांनी रत्नागिरी येथे नजरकैदेत काढली. त्यांचे निवासस्थान ‘थिबा पॅलेस’ या नावाने ओळखले जाते.

राज्यारोहण

अलाँगपया यांनी १७५२ मध्ये स्थापलेल्या कोनबाँग घराण्यात ज्येष्ठ पुत्रालाच गादी मिळावी असा दंडक नव्हता. राजाने नेमलेला युवराज, दरबाराची संमती आणि राजवाड्याचा ताबा या गोष्टी निर्णायक ठरत. थिबा यांचे पिता मिंडॉन यांनी आपले बंधू कनाउंग यांना युवराज नेमले होते. परंतु १८६६ मध्ये मिंडॉन यांच्याच दोन पुत्रांनी बंड करून कनाउंग यांची हत्या केली. त्यानंतर मिंडॉन यांनी नवा युवराज नेमला नाही.

मिंडॉन यांना अनेक पुत्र होते. थिबा यांची माता लाउंगशे राणी दरबारातील प्रभावी राण्यांपैकी नव्हती. थिबा यांचे शिक्षण बौद्ध विहारात झाले आणि धर्मग्रंथांच्या परीक्षेत त्यांनी प्रावीण्य मिळवले. ऑक्टोबर १८७८ मध्ये मिंडॉन निवर्तले. त्या सुमारास सिनब्यूमशिन या महत्त्वाकांक्षी राणीने किनवुन मिंजी आदी मंत्र्यांच्या साहाय्याने थिबा यांना गादीवर बसवले. मंत्र्यांना राजसत्तेवर मर्यादा आणणारा सौम्य राजा हवा होता, तर राणीला आपल्या मुलीसाठी पट्टराणीपद. तिची कन्या सुपयालत हिच्याशी थिबा यांचा विवाह झाला.

फेब्रुवारी १८७९ मध्ये गादीवर हक्क सांगू शकणाऱ्या अनेक राजपुत्रांची आणि त्यांच्या आप्तांची हत्या करण्यात आली. प्रतिस्पर्धी नाहीसे झाले, तरी या हत्याकांडामुळे राजांच्या नावाला कायमचा कलंक लागला. न्याउंग्यान हे राजपुत्र मात्र निसटून ब्रिटिशांच्या आश्रयास गेले.

पदच्युती

बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने सागवानाच्या व्यवहारात राज्याचा महसूल बुडवल्याचा ठपका ठेवून १८८५ मध्ये दरबाराने तिला मोठा दंड ठोठावला. फ्रान्सशी वाढत्या संबंधांमुळे ब्रिटिश आधीच अस्वस्थ होते. दंडाचे निमित्त होऊन तिसरे इंग्रज-ब्रह्मी युद्ध झाले आणि नोव्हेंबरच्या अखेरीस जनरल प्रेंडरगास्ट यांच्या सैन्याने फारसा प्रतिकार न होता मंडाले घेतले. थिबा यांचा अन्यायी कारभार हे युद्धाचे एक समर्थन म्हणून मांडले गेले होते. मात्र न्याउंग्यान यांचा त्याच वर्षी कलकत्त्यात मृत्यू झाला होता आणि ब्रिटिशांनी दुसऱ्या कोणत्याही राजपुत्रास गादीवर बसवले नाही. १ जानेवारी १८८६ रोजी राज्यच खालसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्यानंतर उत्तर ब्रह्मदेशात अनेक वर्षे सशस्त्र उठाव चालू राहिले.

रत्नागिरीतील वास्तव्य

राजपरिवारास प्रथम मद्रास येथे आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस आणण्यात आले. येथे रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात आगबोटींची वाहतूक बंद पडे. कैद्यांच्या दृष्टीने हे ठिकाण सरकारला सोयीचे होते. २८ वर्षांपूर्वी याच सरकारने दिल्लीचे बहादूरशहा जफर यांना रंगूनला नेऊन ठेवले होते.

राजे पहारा असलेल्या बंगल्यांत राहत. सरकारी तनखा, त्यातून होणारे कर्ज आणि त्यासाठी विकावी लागलेली रत्ने यांवरून त्यांचा सरकारशी सतत पत्रव्यवहार चाले. जांभा दगडाचा, उतरत्या छपरांचा आणि अर्धवर्तुळाकार खिडक्यांचा नवा राजवाडा १९१० मध्ये बांधून पूर्ण झाला. येथून भाट्ये खाडी दिसते.

राजांना चार कन्या होत्या. धाकटीचा जन्म रत्नागिरीतच झाला. राजरक्ताचा वर हवा, या घराण्याच्या रूढीमुळे त्यांचे विवाह रखडले. थोरल्या राजकन्येस राजवाड्यातील सेवक गोपाळ सावंत यांच्यापासून टुटू ही कन्या झाली. टुटू पुढे रत्नागिरीतच राहिल्या आणि मराठी समाजात मिसळून गेल्या.

मृत्यू व नंतर

१९१६ मध्ये वयाच्या ५७ व्या वर्षी राजांचे निधन झाले. पार्थिव मायदेशी नेण्याची सुपयालत यांची विनंती सरकारने मान्य केली नाही. समाधीभोवती लोक पुन्हा एकत्र येतील, ही भीती त्यामागे होती. राजांची आणि १९१२ मध्ये निवर्तलेल्या धाकट्या राणीची समाधी रत्नागिरीतच आहे. सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परतल्या आणि १९२५ मध्ये त्यांचे तेथे निधन झाले. चौथ्या राजकन्येने घराण्याच्या हक्कांची मागणी पुढे चालवली. तेव्हा सरकारने तिला रंगूनहून मौलमीन येथे हलवले.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी समाधीस भेट देऊन आदरांजली वाहिली. राजवाड्यात आता पुरातत्त्व विभागाचे प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे.