जन्माने गुन्हेगार कोण?

आमचे मलकापूर म्हणजे कोल्हापूरहून आंबा घाटाकडे जाताना लागणारे गाव, पूर्वीच्या विशाळगड जहागिरीचे ठाणे. इथे राजर्षी शाहू महाराजांचे नाव निघाले की वसतिगृहे, राधानगरीचे धरण आणि १९०२ चा राखीव जागांचा हुकूम यांची आठवण निघतेच. मला मात्र त्यांचे आणखी एक काम तितकेच मोलाचे वाटते. त्यांनी हजेरी बंद केली.

ही हजेरी शाळेतली नव्हे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखादी जमात गुन्हेगार ठरली की तिच्यातल्या माणसाने काही केलेले असो वा नसो, पोलिसांच्या नोंदवहीत त्याचे नाव चढे. कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना हजेरी चुकलेली नव्हती.

कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव दहाव्या वर्षी दत्तक आले, शाहू झाले आणि १८९४ मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला. शिकारीच्या नादाने रानोमाळ हिंडणाऱ्या या राजाने फासेपारध्यांचे जिणे जवळून पाहिले. चोरीचे मूळ रक्तात नसून रिकाम्या पोटात आहे, हे त्यांनी ओळखले. ज्यांना पाहून गावे दारे लावून घेत, त्यांनाच त्यांनी पहाऱ्यावर नेमले. पुढे १९१८ साली हजेरीही बंद केली.

रयतेच्या मालमत्तेचे रक्षण हेही राजाचेच कर्तव्य. संशयितांना रोज चावडीवर उभे करणे सोपे होते. पण त्यासाठी निरपराध माणसाने जन्मभर मान खाली घालावी काय? महाराजांनी जातीवर नव्हे, कृत्यावर बोट ठेवले आणि शिक्षेच्या आधी काम दिले.

६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना अठ्ठेचाळीसही पुरी नव्हती. तो कायदा मात्र स्वतंत्र भारतात, १९५२ साली रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या.

तरी आजही कुठे घरफोडी झाली की आधी पारध्यांच्या पालावर नजर जाते. पुरावा नंतर शोधला जातो. मुलांना शाहूंची गोष्ट सांगताना आपण ही हजेरीची गोष्टही सांगावी, आणि आपल्या मनातल्या नोंदवहीत कोणाकोणाची नावे आहेत, तेही एकदा पाहावे.