लेव तेरमेन

लेव सर्गेयेविच तेरमेन (२७ ऑगस्ट, इ.स. १८९६ : सेंट पीटर्सबर्ग, रशिया – ३ नोव्हेंबर, इ.स. १९९३ : मॉस्को, रशिया) हे रशियन भौतिकशास्त्रज्ञ, संशोधक आणि वादक होते. हाताचा स्पर्श न करता वाजवता येणारे थेरेमिन हे इलेक्ट्रॉनिक वाद्य त्यांनी १९२० साली तयार केले. पश्चिम युरोप व अमेरिकेत ते लिऑन थेरेमिन या नावाने ओळखले गेले आणि त्यांच्या वाद्यालाही तेच नाव रूढ झाले. प्रस्तुत लेखात व्यक्तीसाठी तेरमेन व वाद्यासाठी थेरेमिन ही रूपे वापरली आहेत. तेरमेन यांच्या संशोधनाचा उपयोग संगीतसभेत झाला, तसाच हेरगिरीतही झाला. त्यांच्या आयुष्यातील सुमारे पाव शतक सोव्हिएत सत्तेच्या बंदिवासात आणि तिच्या गुप्त सेवेत गेले.

बालपण व शिक्षण

तेरमेन यांचे घराणे मूळचे फ्रेंच प्रोटेस्टंट होते. लहानपणापासून त्यांना विजेच्या प्रयोगांची आवड होती. सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांनी एकीकडे चेलो या तंतुवाद्याचे शिक्षण घेतले, तर दुसरीकडे विद्यापीठात भौतिकशास्त्र व खगोलशास्त्राचा अभ्यास केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांना सैनिकी अभियांत्रिकी व रेडिओ तंत्राचे प्रशिक्षण मिळाले. संगीत आणि रेडिओ या दोन विद्यांचा संगम त्यांच्या पुढील कार्यात सतत दिसून येतो.

वाद्याचा शोध

रशियन राज्यक्रांतीनंतर तेरमेन पेत्रोग्राद येथे अब्राम योफे यांच्या भौतिक-तांत्रिक संस्थेत काम करू लागले. वायूंचे विद्युत् गुणधर्म मोजण्यासाठी त्यांनी एक उपकरण तयार केले होते. त्यातील बदल कानांनी टिपता यावा म्हणून त्याला ध्वनीची जोड दिल्यावर, हात जवळ नेला की स्वर चढतो आणि दूर नेला की उतरतो, असे त्यांच्या लक्षात आले. प्रयोगात अडथळा ठरणाऱ्या या परिणामात त्यांच्यातील चेलोवादकाला एक वाद्य दिसले. लवकरच या उपकरणावर ते परिचित धुना वाजवू लागले. रशियात हे वाद्य तेरमेनवॉक्स, म्हणजे तेरमेनचा आवाज, या नावाने प्रसिद्ध झाले.

मार्च १९२२ मध्ये त्यांनी क्रेमलिनमध्ये लेनिन यांना हे वाद्य वाजवून दाखवले. लेनिन यांनी स्वतःही ते वाजवून पाहिले. देशाच्या विद्युतीकरणाचा कार्यक्रम तेव्हा जोरात होता आणि विजेचे सामर्थ्य सामान्य जनतेला दाखवण्यासाठी असे वाद्य उपयुक्त होते. त्यानंतर तेरमेन यांनी रशियाच्या निरनिराळ्या भागांत प्रात्यक्षिके केली. त्याच क्रेमलिन भेटीत त्यांनी, कोणी जवळ आल्यास इशारा देणारे एक उपकरणही दाखवले होते. त्याची रचना वाद्याच्याच तत्त्वावर आधारलेली होती.

वाद्याची रचना

थेरेमिनमध्ये मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेची विद्युत् आंदोलने निर्माण करणारी दोन मंडले असतात. एकाची वारंवारता स्थिर असते. दुसरे मंडल एका उभ्या धातूच्या दांड्याला, म्हणजे अँटेनाला जोडलेले असते. वादकाचा हात आणि अँटेना मिळून एक विद्युत् धारित्र तयार होते. हात हलला की त्याची धारकता अत्यल्प प्रमाणात बदलते आणि त्यानुसार दुसऱ्या मंडलाची वारंवारताही बदलते. दोन्ही आंदोलने एकत्र केल्यावर त्यांच्या वारंवारतांमधील फरकाएवढा स्वर ध्वनिक्षेपकातून ऐकू येतो. उदाहरणार्थ, एका मंडलाची वारंवारता १,७०,००० हर्ट्‌झ आणि दुसऱ्याची १,६९,५६० हर्ट्‌झ असेल, तर ४४० हर्ट्‌झचा स्वर उमटतो.

सामान्यतः उजव्या हाताने स्वराची उंची ठरवली जाते, तर डावा हात आडव्या वळ्यासारख्या दुसऱ्या अँटेनाजवळ वर-खाली करून आवाज लहान-मोठा केला जातो. या वाद्याला पट्ट्या, तारा वा पडदे नाहीत. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मींड आपोआप निर्माण होते. उलट प्रत्येक स्वर सुटा व नेमका लावण्यासाठी अचूक कान आणि शरीरावर पूर्ण ताबा लागतो. वादकाने मान हलवली तरी स्वर ढळू शकतो.

दूरचित्रवाणीवरील संशोधन

१९२० च्या दशकाच्या मध्यात तेरमेन यांनी फिरत्या आरशांच्या साहाय्याने चित्र दूरवर पाठवणारी यंत्रणा तयार केली. प्रारंभीच्या १६ रेषांवरून त्यांनी चित्र ६४ रेषांपर्यंत नेले. एक सोडून एक रेषा उमटवण्याची पद्धतही त्यांनी अवलंबिली. ही पद्धत पुढे दूरचित्रवाणीत सर्वत्र रूढ झाली. परंतु सोव्हिएत लष्कराने हे काम गोपनीय ठरवल्याने जगाला त्याची माहिती दीर्घकाळ मिळाली नाही.

अमेरिकेतील वास्तव्य

१९२७ साली तेरमेन फ्रँकफर्ट, बर्लिन, लंडन व पॅरिस येथे प्रात्यक्षिके करून वर्षअखेरीस न्यू यॉर्कला पोहोचले. सोव्हिएत सरकारनेच त्यांना परदेशी पाठवले होते आणि तेथील उद्योगांविषयी माहिती पुरवणे हाही त्यांच्या कामगिरीचा भाग होता. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना वाद्याचे अमेरिकन पेटंट मिळाले. आरसीए या कंपनीने १९२९ मध्ये थेरेमिन बाजारात आणले. कोणालाही सहज वाजवता येईल अशी जाहिरात झाली, परंतु घेणाऱ्यांना ते अवघड वाटले. त्याच सुमारास शेअर बाजार कोसळून महामंदी सुरू झाली. सुमारे ५०० वाद्यांनंतर उत्पादन थांबले.

या वाद्याला मैफिलीत मानाचे स्थान मिळवून देण्याचे श्रेय क्लारा रॉकमोर यांच्याकडे जाते. लिथुआनियातील विल्निअस येथे जन्मलेल्या रॉकमोर या मुळात व्हायोलिनवादक होत्या. हाताच्या दुखण्यामुळे त्यांना व्हायोलिन सोडावे लागले. थेरेमिनसाठी त्यांनी हवेत बोटे चालवण्याचे स्वतंत्र तंत्र विकसित केले आणि तेरमेन यांनी त्यांच्या सूचनांनुसार पाच सप्तकांचे, अधिक तत्पर प्रतिसाद देणारे वाद्य तयार केले.

न्यू यॉर्कमध्ये तेरमेन यांनी आणखी काही वाद्ये घडवली. संगीतकार हेन्री कॉवेल यांच्या कल्पनेवरून १९३१ मध्ये तयार झालेल्या रिदमिकॉन या वाद्यात एकाच वेळी अनेक लयी वाजत. मूळ स्वराच्या एका आघाताच्या कालावधीत दुसऱ्या स्वराचे दोन, तिसऱ्याचे तीन असे आघात होत. टर्प्सिटोन हे व्यासपीठाच्या स्वरूपातील वाद्य नर्तकाच्या हालचालींतून स्वर निर्माण करी. १९३८ साली तेरमेन यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन बॅले नर्तिका लाविनिया विल्यम्स यांच्याशी विवाह केला.

मायदेशी परत व बंदिवास

सप्टेंबर १९३८ मध्ये तेरमेन एका सोव्हिएत जहाजातून मायदेशी गेले. सोव्हिएत हस्तकांनी त्यांना बळजबरीने नेले, असा समज अमेरिकेत अनेक वर्षे प्रचलित होता. आपण स्वेच्छेने परतलो, असे तेरमेन यांनी उत्तरायुष्यात सांगितले. त्यांच्यावर मोठे कर्ज झाले होते आणि युरोपात युद्धाची चिन्हे दिसत होती, हेही खरे आहे. लाविनिया विल्यम्स मागे राहिल्या. पतिपत्नींची पुन्हा कधीही भेट झाली नाही.

मार्च १९३९ मध्ये तेरमेन यांना अटक करण्यात आली आणि आठ वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी सायबेरियाच्या ईशान्येकडील कोलिमा येथील श्रमछावणीत झाली. काही काळानंतर त्यांना तेथून हलवून शराश्का या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, बंदिवान शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत ठेवण्यात आले. विमानरचनाकार आंद्रेई तुपोलेव आणि पुढे सोव्हिएत अंतराळ कार्यक्रमाचे प्रमुख रचनाकार झालेले सेर्गेई कोरोलेव हेही अशाच बंदिवासात काम करीत होते. तेरमेन मरण पावले, असे पाश्चात्त्य देशांत अनेकांनी गृहीत धरले.

हेरगिरीची उपकरणे

४ ऑगस्ट १९४५ रोजी सोव्हिएत बालसंघटनेच्या मुलांनी अमेरिकेचे राजदूत ॲव्हरेल हॅरिमन यांना अमेरिकेच्या राजमुद्रेची लाकडी प्रतिकृती भेट दिली. मॉस्कोतील राजदूतांच्या निवासस्थानी ती भिंतीवर लावण्यात आली. तिच्या आत तेरमेन यांनी रचलेले श्रवणयंत्र होते. त्यात बॅटरी नव्हती आणि तारही जोडलेली नव्हती. बाहेरून रेडिओ लहरी सोडल्या की ते कार्यान्वित होई. खोलीतील बोलण्याने त्यातील पातळ पडदा कंप पावे आणि परावर्तित लहरींत ते बोलणे उमटे. लहरी बंद असताना ते शोधणे जवळजवळ अशक्य होते. १९५२ साली ते सापडले आणि १९६० मध्ये अमेरिकेने ते संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेत सर्वांसमोर मांडले.

खिडकीच्या काचेची कंपने अवरक्त किरणांच्या साहाय्याने टिपून आतील संभाषण ऐकण्याची बुरान ही यंत्रणाही तेरमेन यांनी विकसित केली. या कार्यासाठी त्यांना १९४७ सालचे स्टालिन पारितोषिक देण्यात आले. त्याच वर्षी त्यांची सुटका झाली. तथापि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते सुरक्षा यंत्रणेच्याच सेवेत राहिले. या काळात त्यांनी मारिया गुश्चिना यांच्याशी विवाह केला. या दांपत्याला जुळ्या मुली झाल्या.

उत्तरायुष्य

गुप्त सेवेतून बाहेर पडल्यावर तेरमेन मॉस्को संगीत विद्यालयात काम करू लागले आणि पुन्हा वाद्यांकडे वळले. १९६७ साली न्यू यॉर्क टाइम्सचे संगीत समीक्षक हॅरोल्ड शॉनबर्ग यांची तेथे त्यांच्याशी भेट झाली. शॉनबर्ग यांच्या लेखामुळे तेरमेन जिवंत असल्याचे अमेरिकेतील वाचकांना कळले. मात्र या प्रसिद्धीनंतर विद्यालयाने त्यांना कामावरून दूर केले आणि त्यांनी बनवलेली वाद्ये नष्ट करण्यात आली. पुढे त्यांनी मॉस्को विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात तंत्रज्ञाची नोकरी पत्करली. आपल्या नात्यातील लिडिया काविना हिला ती नऊ वर्षांची असल्यापासून त्यांनी थेरेमिन शिकवले. काविना पुढे या वाद्याच्या अग्रगण्य वादकांपैकी एक झाल्या.

१९८९ साली फ्रान्समधील बूर्ज येथील संगीत महोत्सवासाठी त्यांना परदेशी जाता आले. १९९१ मध्ये, ५३ वर्षांनंतर, ते अमेरिकेत आले. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांचा सन्मान झाला आणि न्यू यॉर्कमध्ये क्लारा रॉकमोर यांची भेट झाली. त्याच वर्षी, सोव्हिएत संघ विसर्जित होण्याच्या काही महिने आधी, त्यांनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व घेतले होते. वयाच्या ९७ व्या वर्षी मॉस्को येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनावर स्टीव्हन मार्टिन यांनी माहितीपट तयार केला आहे.

प्रभाव

तेरमेन बंदिवासात असताना त्यांचे वाद्य अमेरिकेत नव्याने लोकप्रिय होत होते. स्पेलबाउंड (१९४५) आणि द डे द अर्थ स्टुड स्टिल (१९५१) या चित्रपटांत मनोविकार व परग्रहवासी यांचे सूचन करण्यासाठी थेरेमिनचा वापर झाला. बीच बॉइजच्या गुड व्हायब्रेशन्स (१९६६) या गीतातील तत्सम स्वर मात्र पॉल टॅनर यांच्या इलेक्ट्रो-थेरेमिन या वेगळ्या वाद्याचा आहे.

रॉबर्ट मूग यांनी किशोरवयात थेरेमिन बनवण्यास प्रारंभ केला आणि पुढे ते थेरेमिनचे सुटे भाग विकू लागले. या व्यवसायातून मिळालेल्या अनुभवाच्या बळावर त्यांनी १९६४ साली सिंथेसायझर विकसित केला. मूग यांच्या कंपनीने पुढील काळातही थेरेमिनची निर्मिती चालू ठेवली. आज जपान, रशिया, युरोप व अमेरिकेत थेरेमिनचे शिक्षण दिले जाते.