भास्कराचार्यांचा त्रिकोण आणि आपली शिडी

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' हा त्याचाच अंकगणिताचा भाग. ६९ व्या वर्षी 'करणकुतूहल' लिहिले. पुढे नातू चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथला शिलालेख उजेडात आणला तो मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, म्हणजे एका डॉक्टरनेच.

'लीलावती'त वाऱ्याने मोडलेल्या वेळूचे गणित आहे. ३२ हात उंच वेळूचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर, १२ हातांवर. मोडलेला भाग २० हात, कारण १२ आणि १६ यांच्या वर्गांची बेरीज म्हणजे २० चा वर्ग.

भिंतीला शिडी लावली की हाच काटकोन त्रिकोण तयार होतो. लोणी काळभोरला दिवाळीआधी घर रंगवायला काढाल, तेव्हा तो आठवा. शिडी १२ फुटांवर टेकवायची तर तिचे पाय भिंतीपासून चौथ्या हिश्श्यावर, ३ फुटांवर हवेत. १४४ अधिक ९ म्हणजे १५३. त्याचे वर्गमूळ सुमारे १२.४. टेकेपर्यंत तेवढे फूट शिडी लागेल. पाय फार लांब ठेवले तर शिडी घसरते, फार जवळ ठेवले तर माणसासकट मागे कलंडते.

उंचावरून पायांवर पडणाऱ्याची टाच मोडते, कधी मणकाही. अशा माणसाला उठवून बसवू नका. आडवाच राहू द्या आणि १०८ ला फोन करा. त्याआधी, चढण्यापूर्वी, अंतर मोजाच.