मॅनाकिनच्या अंगणातले चॅपमन

न्यू जर्सीतील एंगलवुड येथे १२ जून १८६४ रोजी जन्मलेले फ्रँक चॅपमन कधी महाविद्यालयात गेले नाहीत. न्यूयॉर्कच्या एका बँकेत नोकरी करीत त्यांनी पक्ष्यांचा नाद जोपासला. १८८६ साली मॅनहॅटनच्या रस्त्यांवर हिंडून त्यांनी स्त्रियांच्या टोप्या मोजल्या. ७०० पैकी ५४२ टोप्यांवर पिसे होती आणि त्यांतून त्यांना ४० जातींचे पक्षी ओळखता आले. त्याच वर्षी त्यांनी बँक सोडली. १८८८ मध्ये ते अमेरिकन निसर्गेतिहास संग्रहालयात रुजू झाले व कालांतराने तेथील पक्षिविभागाचे प्रमुख झाले.

संग्रहासाठी त्यांनी स्वतः बंदूक चालवली होती. कोलंबिया आणि इक्वेडोरच्या पक्ष्यांवरील त्यांचे ग्रंथ अशाच संग्रहांवर उभे आहेत. तरीही केवळ हौसेखातर होणारी हत्या त्यांना असह्य वाटे. नाताळच्या दिवशी गट पाडून जास्तीत जास्त प्राणी-पक्षी टिपण्याची चढाओढ तेव्हा रूढ होती. १९०० साली त्यांनी तिला पर्याय सुचवला : पक्षी मारू नयेत, मोजावेत. पहिल्या गणनेत २५ ठिकाणी अवघे २७ निरीक्षक होते.

सत्तरीच्या उंबरठ्यावर चॅपमन पनामा कालव्यातील बारो कोलोरॅडो बेटावरच्या रानात एका चिमुकल्या पक्ष्यापुढे तासन्‌तास बसू लागले. सोनेरी गळपट्ट्याचा मॅनाकिन जेमतेम चार इंचांचा. काळी टोपी आणि पिवळाधमक गळा मिरवणारा नर रानातली पाने उचलून जमिनीवर छोटे अंगण स्वच्छ करतो. त्याभोवतीच्या रोपट्यांवरून उड्या मारताना तो पंखांनी कोरडी काटकी मोडावी तसा आवाज काढतो. शेजारी इतर नरांचीही अंगणे असतात. मादी येते, पारखते आणि पुढे घरटे व पिले एकटीच सांभाळते. १९३५ साली चॅपमन यांनी या प्रणयाराधनाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. संग्रहालयातील कातड्यात रंग टिकतो; अंगण झाडण्याची ही लगबग आणि पंखांचा तो आवाज मात्र जिवंत पक्ष्यापाशीच गवसतो.

१५ नोव्हेंबर १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी सुरू केलेली गणना अजून चालू आहे. दरवर्षी १४ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात ती होते आणि अमेरिकेत राहणारा कोणीही, नवशिका असला तरी, तीत सामील होऊ शकतो.